वाफेच्या न्हाणीचे दार



मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो नोकरीला लागला आहे. त्याच्या वडिलांचे सांधे आखडतात. डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची व हृदयाची तपासणी करून अधूनमधून वाफेचा शेक घ्यायला हरकत नाही असे सांगितले. म्हणून घरातल्या न्हाणीघराचा एक कोपरा वेगळा करून तिथे वाफेची न्हाणी करायचे त्याने ठरवले. वाफ तयार करणारे विजेचे यंत्र निवडून झाले, फरशी ठरली, गवंडीही ठरला. घोडे अडले ते दारापाशी!

दुकानदाराने त्याच्यापुढे तीन दारे ठेवली होती. पहिले नेहमीच्या शॉवरला असते तसे काचेचे. ते दोन मीटर उंच होते आणि त्याच्यावर छतापर्यंत मोकळी जागा राहत होती. दुसरे सागवानी, चौकटीत घट्ट बसणारे, आतून कडी असलेले. तिसरे जाड काचेचे, वर छतापर्यंत काचच काच. ते सगळ्यांत महाग होते. "सर," तो म्हणाला, "दार ते दार! त्यात एवढे काय पाहायचे? सगळ्यांत स्वस्त ते घेऊन टाकू का?"

मी त्याला बसवून घेतले आणि आधी एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगतो.

मामांची अंघोळ

मी सहावीत असताना पावसाळ्यात कोकणात आजोळी गेलो होतो. तिथली न्हाणी जुन्या पद्धतीची होती. जाड फळ्यांचे दार, वर कौले, एक लहानसा झरोका आणि कोपऱ्यात तांब्याचा बंब. बाहेर धो धो पाऊस लागलेला. झरोक्यातून झड येते म्हणून मामांनी तो पोत्याने बंद केला, दाराला आतून कडी लावली आणि पेटलेल्या बंबाशेजारी कढत पाण्याने अंघोळीला बसले.

अर्धा तास झाला तरी मामा बाहेर येईनात. मामीने हाका मारल्या, पण ओ नाही. दार ढकलून पाहिले तर ते हलेना. दार आत उघडणारे होते. भोवळ येऊन मामा नेमके दाराला टेकूनच पडले होते. शिवाय पावसाने फळ्या फुगलेल्या आणि आतून कडी. शेवटी शेजारचा गडी छपरावर चढला, कौले काढून आत उतरला आणि मामांना बाजूला करून त्याने दार उघडले. मोकळ्या हवेत आल्यावर मामा हळूहळू शुद्धीवर आले. डॉक्टर म्हणाले, कोंडलेली ऊब आणि निखाऱ्यांचा विषारी वायू या दोहोंनी मिळून हे केले. आणखी दहा मिनिटे गेली असती तर मामा हाती लागले नसते.

त्या दिवसापासून न्हाणीघराच्या दाराकडे मी कधीही 'दार ते दार' अशा नजरेने पाहिले नाही. वाफेच्या न्हाणीच्या दाराला तर एकमेकांविरुद्ध दोन कामे करायची असतात. वाफ बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि माणसाला मात्र क्षणात बाहेर जाऊ द्यायचे. ही दोन्ही कामे एकच दार कसे करील, हे आपण आता पदार्थविज्ञानाच्या मदतीने पाहू.

आत नेमके काय घडते?

चहाच्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहा. अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. थोडे पुढे गेल्यावर पांढरा लोट दिसू लागतो. तोंडाशी जे आहे पण दिसत नाही, ती खरी वाफ. पांढरा लोट म्हणजे ती थंड होऊन बनलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. वाफेच्या न्हाणीत दिसणारे धुकेही असेच थेंबांचे असते.

अशा न्हाणीतले तापमान साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस असते. आता तुम्ही म्हणाल, ४५ अंशांत काय विशेष? चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात हवा एवढी तापतेच. खरे आहे, पण दोहोंत मोठा फरक आहे. नागपूरची मे महिन्यातली हवा कोरडी असते. त्या हवेत घाम भराभर वाळतो, आणि एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. वाफेच्या न्हाणीतली हवा मात्र बाष्पाने संपृक्त असते. तीत आणखी बाष्प मावत नाही, त्यामुळे घाम वाळतच नाही.

एवढ्यावर भागत नाही. त्वचेचे तापमान असते ३५-३६ अंश. त्या संपृक्त हवेचा दवबिंदू ४५ अंशांच्या आसपास. पावसाळ्यात बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसे इथे तुमच्या अंगावरच थेंब जमू लागतात. बाष्पाचे पाणी होताना त्याचा अप्रकट उष्मा बाहेर पडतो. म्हणजे घाम जी उष्णता घेऊन जायचा, तीच आता उलट शरीराला मिळते! वाफेच्या शेकाचे सुख यातच आहे, आणि धोकाही यातच.

शरीर आपल्या परीने थंड होण्याची धडपड करते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पुष्कळ रक्त त्वचेकडे जाते. अशा वेळी माणूस एकदम उभा राहिला की मेंदूला रक्त कमी पडते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तुमच्या लक्षात आलेच असेल की अशी अंधारी येण्याची वेळ बहुधा दार उघडायला उठण्याचीच असते!

आयुर्वेदातल्या पेटीस्वेदनात रोग्याला पेटीत बसवतात, पण त्याचे डोके पेटीबाहेर ठेवतात. श्वासाला बाहेरची हवा मिळते आणि जवळच्या माणसाला त्याचा चेहरा दिसत राहतो. आपल्या न्हाणीत डोकेही आतच असते. म्हणून इथे दाराची जबाबदारी वाढते.

पहिले काम : वाफ अडवणे

आपल्या विद्यार्थ्याची न्हाणी साधारण १.२ मीटर लांब, १.४ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे. म्हणजे घनफळ झाले सुमारे ४ घनमीटर. ४५ अंशांना एका घनमीटर संपृक्त हवेत सुमारे ६५ ग्रॅम बाष्प असते. मग सगळ्या खोलीत किती? फक्त २६० ग्रॅम! एवढी धुक्याने भरलेली खोली, पण त्या बाष्पाचे पाणी केले तर जेमतेम एक पेलाभर.

वाफ करणारे यंत्र ३ किलोवॅटचे असेल, तर ते सेकंदाला साधारण १.२ ग्रॅम वाफ देते. या हिशेबाने खोली तीन-चार मिनिटांत भरायला हवी. प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटे लागतात, कारण बरीचशी वाफ थंड भिंतींवर आणि फरशीवर जमून त्यांना तापवण्यातच खर्च होते.

आता दारातून किती उष्णता निसटते ते पाहू. काच उष्णतेची मंदवाहक आहे, पण लाकडाइतकी नाही. तेव्हा काचेच्या दारातून फार उष्णता जाईल असे वाटते. दार ७० सेंटीमीटर रुंद, २ मीटर उंच आणि बाहेर २८ अंश तापमान धरून हिशेब केला, तर दीडशे वॅटच्या आसपास उत्तर येते. म्हणजे वीस मिनिटांच्या शेकात काचेवर जेमतेम अर्धा कप पाणी जमेल. ३००० वॅटच्या यंत्रापुढे १५० वॅट म्हणजे काहीच नाही. काच घ्या की लाकूड घ्या, या बाबतीत फारसा फरक पडत नाही.

मग फरक कशाने पडतो? फटीने! आणि त्यातही, फट कुठे आहे याने.

पाण्याच्या रेणूचा भार १८, तर हवेच्या रेणूंचा सरासरी भार २९. त्यामुळे बाष्पाने भरलेली हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. शिवाय ती गरम असते, म्हणून आणखी हलकी. अशी हवा वर चढते. आता पहिले दार आठवा. त्याच्या डोक्यावर ४० सेंटीमीटर मोकळी जागा होती. त्या जागेच्या वरच्या भागातून हलकी हवा बाहेर वाहते आणि खालच्या भागातून बाहेरची थंड हवा आत घसरते. ढोबळ गणित केले तर सेकंदाला सुमारे ३० लिटर हवेची अशी अदलाबदल होते. तिच्याबरोबर सेकंदाला दीड ग्रॅमच्या आसपास बाष्प बाहेर जाते. यंत्र देते १.२ ग्रॅम आणि दार घालवते १.५ ग्रॅम! म्हणजे न्हाणी ४५ अंशांपर्यंत पोचणारच नाही. यंत्र चालू, मीटर फिरतो आहे आणि बाबा बसले आहेत कुडकुडत. पहिले दार स्वस्त खरे, पण कामाचे नाही.

आता उलट विचार करा. वर सगळे बंद आहे आणि फट आहे ती फक्त दाराखाली, करंगळी जाईल एवढी. हलकी हवा खाली येऊन त्या फटीतून निसटेल का? फारशी नाही. उपड्या भांड्यात हलका वायू कोंडून राहतो, तशी ती वरच कोंडून राहील. म्हणून वाफेच्या न्हाणीत दाराचा वरचा भाग काटेकोरपणे बंद हवा. खालची बारीक फट मात्र चालते. नुसती चालते असे नव्हे, ती असायलाच हवी. का, ते पुढे येईल.

करून पाहा : उदबत्तीची साक्ष

हा प्रयोग घरच्या मोठ्या माणसांना सांगून करा. न्हाणीघरात कोणीतरी कढत पाण्याने अंघोळ करून बाहेर आले की लगेच दार ओढून घ्या आणि बोटभर उघडे ठेवा. एक पेटती उदबत्ती त्या फटीशी अगदी वर धरा. धूर बाहेरच्या बाजूला ढकलला जाईल. आता उदबत्ती फटीच्या तळाशी आणा. धूर आत ओढला जाईल. मधे कुठेतरी अशी जागा सापडेल की तिथे धूर सरळ वर जातो. खिडकी आणि झरोका बंद असतील आणि पंखा थांबवलेला असेल, तरच हा प्रयोग नीट जमतो. हवा वरून बाहेर आणि खालून आत कशी येते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मग विसरत नाही.

दार कशाचे हवे?

लाकडाने सुरुवात करू. पावसाळ्यात लाकूड फुगते हे तुम्ही पाहिलेच आहे. पण ते सगळ्या दिशांना सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेने, ते जवळजवळ वाढत नाही. आडव्या दिशेने मात्र चांगलेच वाढते. म्हणूनच दाराची उंची तेवढीच राहते आणि रुंदी वाढून ते चौकटीत अडकते. सागवान इतर पुष्कळ लाकडांपेक्षा कमी फुगते, पण रोज वाफ खाऊन रोज वाळणारे दार कधी ना कधी अडकणारच. प्लायवुडच्या दाराचे थर ओलाव्याने सुटू लागतात. लोखंड गंजते. प्लास्टिकचे पोकळ दार पाण्याला घाबरत नाही, पण उष्णतेने वाक धरते, आणि एकदा ते वाकले की वरच्या बाजूला फट पडलीच.

राहिली काच. ती पाण्याने फुगत नाही, गंजत नाही, कुजत नाही. तिचा आणखी एक मोठा गुण म्हणजे पारदर्शकता. काचेवर थेंब जमले की पलीकडचे स्पष्ट दिसत नाही, कारण प्रत्येक थेंब प्रकाश वेगवेगळ्या दिशांना वळवतो. तरीही आत माणूस बसला आहे की आडवा पडला आहे, एवढे बाहेरून समजतेच. मामांच्या दाराला हा गुण असता, तर मामीला अर्धा तास वाट पाहावी लागली नसती.

पण काच म्हटली की फुटणे आलेच. थंड पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला तडकतो. आतला पृष्ठभाग तापून प्रसरण पावतो, बाहेरचा अजून थंडच असतो, आणि या ओढाताणीत काच चिरते. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. उघड्या अंगाने बसायच्या जागी साधी काच कधीही चालणार नाही. इथे हवी टफन्ड काच.

राजपुत्राचे थेंब

टफन्ड काचेचे गुपित समजण्यासाठी साडेतीनशे वर्षांहून मागे जाऊ. १६६० च्या सुमारास राजपुत्र रूपर्ट याने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला काचेचे काही विचित्र थेंब आणून दिले. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकून ते बनवत. आकार बेडकाच्या पिलासारखा, म्हणजे पुढे गोल डोके आणि मागे बारीक शेपटी. डोक्यावर हातोडी मारली तरी थेंब फुटत नसे. पण शेपटीचे टोक नुसते मोडले की सगळ्या थेंबाचा क्षणात चुरा! राजाने ते थेंब रॉयल सोसायटीतल्या शास्त्रज्ञांकडे अभ्यासाला दिले. रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात त्यांच्यावर लिहिले आहे. (हा प्रयोग तुम्ही मात्र मुळीच करू नका. उडणारा चुरा डोळ्यांत जातो.)

असे का होते? पाण्यात पडताच थेंबाचा बाहेरचा थर प्रथम घट्ट होतो. आतली काच नंतर थंड होऊन आकसू लागते आणि बाहेरच्या थराला आत खेचते. परिणाम असा, की बाहेरचा थर कायमचा दाबला जातो आणि आतला भाग कायमचा ताणलेला राहतो. काच फुटते ती पृष्ठभागावरची बारीक चीर उघडत गेल्याने. इथे पृष्ठभागच दाबलेला असल्याने चिरेला उघडता येत नाही. पण चीर एकदा आतल्या ताणलेल्या भागापर्यंत पोचली, की सगळा साठवलेला ताण एका झटक्यात मोकळा होतो.

टफन्ड काच याच तत्त्वावर बनते. काचेचा तक्ता ६०० अंशांहून थोडा अधिक तापवून त्याच्या दोन्ही बाजूंवर थंड हवेचे झोत सोडतात. अशी काच साध्या काचेच्या जवळपास चौपट मजबूत असते. वाफेच्या न्हाणीतला तापमानातला फरक ती सहज सोसते. आणि फुटलीच, तर तिचे मक्याच्या दाण्यांसारखे लहान, बोथट तुकडे होतात. मोटारीच्या मागच्या काचेत हीच असते. ध्रुवणकारी चष्मा घालून त्या काचेकडे पाहिलेत, तर तिच्यावर ओळीने काळसर ठिपके दिसतील. थंड हवेच्या झोतांनी मागे ठेवलेल्या त्या खुणा आहेत.

दार निवडताना या काचेबद्दल तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, काच टफन्ड केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून माप आणि बिजागऱ्यांच्या जागा आधी ठरवाव्या लागतात. दोन, तिची कड हे तिचे मर्मस्थान. थेंबाच्या शेपटीसारखेच! काचेच्या मध्यावर जोराने हात आपटला तरी चालेल, पण कोपरा फरशीवर आपटला तर दाराचा चुरा होईल. तीन, फार क्वचित अशी काच आपोआपही फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा एखादा सूक्ष्म कण राहिलेला असतो आणि तो सावकाश मोठा होतो. म्हणून चांगले कारखानदार काच पुन्हा काही वेळ तापवून ठेवतात, म्हणजे सदोष तक्ता कारखान्यातच फुटतो. असे केले आहे का, हे विकत घेताना विचारावे. काचेवर भारतीय मानक २५५३ ची खूण आहे का, तेही पाहावे.

बिजागरीवरचा भार

८ मिलिमीटर जाडीच्या काचेचे ७० सेंटीमीटर रुंद व २ मीटर उंच दार किती वजनाचे असेल? काचेची घनता पाण्याच्या अडीच पट. गुणाकार करून पाहा, २८ किलोग्रॅम येतील. हे वजन दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ३५ सेंटीमीटरवर आहे असे धरू. त्याचे आघूर्ण झाले २८ × ३५ = ९८०. हे आघूर्ण वरच्या बिजागरीला भिंतीतून उपटू पाहते. दोन बिजागऱ्यांत १६० सेंटीमीटर अंतर ठेवले तर वरच्या बिजागरीवर ९८० ÷ १६०, म्हणजे सुमारे ६ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसते. अंतर ८० सेंटीमीटर ठेवले तर ओढ दुप्पट होते. म्हणून बिजागऱ्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर हव्यात. त्या पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्या असाव्यात. गंजून बिजागरी सैल झाली की दार खाली झुकते, आणि काचेचे मर्मस्थान, म्हणजे तो कोपरा, फरशीला घासू लागतो.

दुसरे काम : माणसाला बाहेर सोडणे

आता दुसऱ्या दाराकडे वळू. सागवानी, चारी बाजूंनी घट्ट, आतून कडी. वाफ अडवण्यात हे दार पहिल्या नंबराचे. मग त्यात वाईट काय?

समजा, न्हाणी अगदी हवाबंद केली आणि आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा वातावरणाच्या दाबाच्या फक्त शंभराव्या भागाने वेगळा झाला. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. दाराचे क्षेत्रफळ १४,००० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दारावर बल आले सुमारे १४० किलोग्रॅम वजनाइतके! वाफ येताना दाब वाढेल आणि दार बाहेर ढकलले जाईल. वाफ बंद केल्यावर बाष्पाचे पाणी होऊन दाब घटेल आणि दार आत ओढले जाईल. गरम भाजी भरून घट्ट लावलेल्या डब्याचे झाकण थंड झाल्यावर निघत नाही, तसेच. घरात अशी हवाबंद खोली सहसा बनत नाही हे खरे, पण ती बनवण्याची हौसही नको. दाराखालची करंगळीएवढी फट हा दाब सारखा करते. तिने वाफ फारशी जात नाही हे आपण पाहिलेच. म्हणून ती फट असायलाच हवी.

दुसरी गोष्ट, दार बाहेर उघडणारेच हवे. आत उघडणाऱ्या दाराला पडलेला माणूसच अडसर होतो. फिनलंडमध्ये घरोघरी सौना नावाच्या गरम खोल्या असतात. त्यांची दारे बाहेर उघडणारी, बिनकडीची असावीत असा तिथला शिरस्ता आहे. दार बाहेर उघडले की त्यावरचे थेंब बाहेरच्या फरशीवर गळतात ही तक्रार खरी आहे, पण दाराच्या तळाला आत कललेली एक पट्टी लावली की थेंब आतच पडतात. घसरण्याचे भय कमी करायला बाहेर एक पायपुसणे टाकावे.

तिसरी गोष्ट, कडी, बोल्ट, कुलूप काहीही नको. दार मिटून राहायला एक लहान चुंबक पुरे. घेरी आलेल्या माणसाच्या हातात बळ नसते, बोटे ओली असतात आणि डोळ्यांपुढे अंधारी असते. त्याने नुसते अंग टाकले तरी दार उघडले पाहिजे.

दार उघडायला किती बल लागते, हे तुम्ही घरी मोजू शकता. प्रयोगशाळेतला ताणकाटा दाराच्या मुठीला अडकवून काटकोनात ओढा आणि दार हलू लागताना वाचन घ्या. मग बिजागरीजवळ ओढून पाहा. मूठ बिजागरीपासून ६५ सेंटीमीटरवर आणि दुसरी जागा १३ सेंटीमीटरवर असेल, तर बल पाचपट लागेल. म्हणूनच मूठ बिजागरीपासून लांब, दाराच्या कडेपाशी हवी. बसल्या जागेवरूनही हात पोचावा अशी ती उभी आणि लांब असली तर फारच चांगले.

एक सक्त इशारा

दार चांगले बंद होते म्हणून आत काहीही पेटवून चालणार नाही. वाफेचे यंत्र विजेचे असावे, न्हाणीबाहेर बसवलेले असावे, आणि तिथली वीजजोडणी जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावी. बंद जागेत निखारे किंवा गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. बंद न्हाणीघरात गॅसच्या गिझरमुळे मृत्यू आल्याच्या बातम्या तुम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या असतील. तुमच्या घरी असा गिझर न्हाणीघरात असेल, तर झरोका कधीही बंद करू नका, आणि गिझर बाहेरच्या मोकळ्या जागी हलवायला आईवडिलांना आजच सांगा. वाफेची न्हाणी तुमच्या घरी होवो न होवो, हे काम मात्र थांबवून ठेवण्यासारखे नाही.

मग कोणते दार?

एवढे ऐकून माझ्या विद्यार्थ्याने वहीवर स्वतःच लिहून काढले. दार टफन्ड काचेचे, वरच्या भागात छतापर्यंत काचेची झडप. ती शेक घेताना बंद आणि नंतर वाफ बाहेर काढायला उघडी. बाजूंना सिलिकोनची पट्टी, खाली करंगळीएवढी फट. बिजागऱ्या दूर दूर. दार बाहेर उघडणारे, चुंबकाने मिटणारे, बिनकडीचे. म्हणजे निवडले ते तिसरेच दार, पण एका बदलासह. दुकानदार त्याला आतून बोल्ट बसवून देणार होता, तो त्याने नको म्हणून सांगितला.

"पण सर," तो जाता जाता म्हणाला, "कडी नाही, तर बाबा म्हणतील की कोणीतरी दार उघडेल."

मी म्हटले, "अरे, उघडू दे की! दहा मिनिटे झाली की कोणीतरी दारावर टकटक करावी आणि आतून ओ यावी, एवढा नेम घरात घालून घ्या. कडी बाहेरच्या न्हाणीघराच्या दाराला असेल, तर तीसुद्धा त्या वेळी लावायची नाही."

मित्रहो, आज घरी गेलात की आपल्या न्हाणीघराचे दार एकदा तपासून पाहा. ते आत उघडते की बाहेर? पावसाळ्यात अडकते का? कडी बाहेरून उघडता येते का? झरोका उघडा आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा आणि रात्री जेवताना घरच्यांना वाचून दाखवा.